लव्हबर्डचा अर्ज भरण्याआधी त्याच्या डोळ्याभोवती पाहा

काही परदेशी पक्षी घरी पाळायचे तर वन्यजीव कायद्याखाली त्यांची नोंदणी करावी लागते, त्याचा हा अर्ज. आपल्याकडे आठवडी बाजारात पिंजऱ्यातल्या कोणत्याही बारक्या रंगीत पोपटाला लव्हबर्ड म्हणतात. अर्ज अडकतो तो इथंच. सेतू केंद्रातला पोरगा विचारतो, "जात काय लिहू काका?" काका म्हणतात, "लव्हबर्डच लिही ना बा." घरी जाऊन पाहावं तर मडक्यात बजी, म्हणजे बजरिगर, बसलेली! बजी आणि कॉकॅटिलला (तुरेवाला छोटा पोपट) ही नोंदणी लागतच नाही.

खऱ्या लव्हबर्डमध्येही बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात. फिकट चोच, शेंदरी-गुलाबी तोंड आणि डोळ्याभोवती पांढरं कडं नाही, तो पीचफेस, त्यालाही सूट. लाल चोच आणि डोळ्याभोवती चुन्यानं ओढल्यासारखं कडं, तो बहुधा फिशर. फिशर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये येतो, म्हणून नोंदणी सक्तीची. सन कन्युर या पिवळ्या-केशरी परदेशी पोपटाचंही तेच.

अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 या पोर्टलवर, ऑनलाइनच. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरात आहे म्हणून एसटीनं चकरा मारू नका.

मुदतीचा घोळ मोठा आहे. नियम 28 फेब्रुवारी 2024 चे. आधीपासून पक्षी असणाऱ्यांना सहा महिने दिले होते, ते ऑगस्टमध्येच संपले. 'आता काय, मुदत गेली' म्हणून लोक गप्प बसतात. पण नवा पक्षी घेतला, तर तो ताब्यात आल्यापासून 30 दिवस मिळतात. पिल्लं झाली, पक्षी मेला किंवा कोणाला दिला, तरी कळवावं लागतं.

आणि पावती. ती कोणाकडेच नसते. विकणारा व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, पैसे घेतो आणि पुढच्या बाजारी दिसत नाही. पैसे हातात असतानाच कागदावर जात, तारीख, रिंगचा नंबर आणि सही घ्या. पायातली बंद रिंग पिल्लू लहान असतानाच चढते, नंतर नाही. नंबर वाचता येईल असा फोटो उन्हात काढा. ट्यूबलाइटखाली 3 चा 8 दिसतो.

आपल्या मिठ्ठूचा अर्ज मात्र कृपा करून भरू नका. देशी पोपट पाळणं हाच गुन्हा आहे, त्याची नोंदणी होत नाही. पोपट ठेवला असेल तर वनविभागाला कळवून सोपवा. पंख छाटलेला पोपट शेतात सोडला तर संध्याकाळपर्यंत मांजर खाते. नागपूरला सेमिनरी हिल्सवर अशा पाखरांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.