रोटी शॉप (त्रिनिदाद)

रोटी शॉप म्हणजे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरची साधी खानावळ, जिथे करी आणि रोटी मिळते आणि चारपाच मित्र जमवून दुपारी निवांत बसता येतं. टेबलक्लॉथ वगैरे भानगड नाही, काउंटरसमोर रांग लावायची, काचेमागच्या भाज्या बघून ऑर्डर द्यायची आणि जागा मिळेल तिथे बूड टेकायचं. मित्रांनी असं काहीच काम नसताना एकत्र बसून खाणंपिणं आणि गप्पा हाणणं याला तिकडे लाईम म्हणतात आणि त्याबाबतीत मंडळी एकदम सिरीयस असतात, मग तो रोटी शॉपमध्ये असो, रम शॉपमध्ये असो की नदीकाठी बदकाची करी शिजवत असो.

रोटी तिथे पोचली उसाच्या मळ्यांमुळे. गुलामगिरी संपली, मजूर कमी पडायला लागले, मग इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात केली. फतेल रझाक हे पहिलं जहाज ३० मे १८४५ ला सुमारे सव्वादोनशे लोक घेऊन लागलं, आणि १९१७ पर्यंत १ लाख ४४ हजारांच्या आसपास लोक गेले, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले. त्यामुळे तिकडच्या जेवणात आपली चपाती-भाकरी शोधत बसू नये, ते वळण बिहारकडचं आहे.

मुख्य प्रकार दोन. दालपुरीत पिवळ्या वाटाण्याची डाळ जेमतेम शिजवून, जिरं घालून कोरडी वाटून भरतात, मग ती भलीमोठी लाटून तव्यावर भाजतात आणि तिच्यात करी गुंडाळून कागदात बांधून देतात. हे एकट्याचं जेवण. चारजण असाल तर मात्र बस-अप-शट मागवावी, म्हणजे भरपूर तूपतेलाचा पदरवाला पराठा तव्यावरच लाकडी उलथन्यांनी झोडून त्याच्या फाटक्या शर्टासारख्या चिंध्या करतात, करी बाजूला वेगळी येते आणि सगळे एकाच ढिगातून हाताने तोडून खातात. करीत आपल्यासारखं कांदा-टोमॅटोचं वाटण नसतं, करी पावडर पाण्यात कालवून गरम तेलात काळपट होईपर्यंत परततात आणि त्यावर मुरवलेलं मटण टाकतात. मटण हाडासकट असतं, त्यामुळे गुंडाळलेली रोटी खाताना बोलण्याच्या नादात दात सांभाळा.

चण्या-बटाट्याची करी, लाल भोपळा, बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा हे सगळं शाकाहारी माणसाला पुरून उरतं, आणि हिंदू-मुसलमान दोन्ही गिऱ्हाईक असल्यामुळे बऱ्याच दुकानांत बीफ-पोर्क नसतंच. मराठी माणसाने आवर्जून मागवावी ती सहीना. अळूच्या पानांना डाळीचं वाटण लावून तळतात, म्हणजे जवळजवळ अळूवडीच, फक्त आपली चिंच-गुळाची आंबटगोड चव आत नसते, वरून चटणी घेतात. सोबत कुचेला येतो, किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं.

पेपर सॉस म्हणजे तिखट मिरचीचा सॉस, त्याबद्दल ताकीद. मोरुगा स्कॉर्पियन मिरची याच बेटावरची, २०१२ साली न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी तिला जगातली सगळ्यात तिखट ठरवलं होतं, तेव्हा कोल्हापूरचे असलात तरी शहाणपणा न करता "स्लाईट" म्हणजे किंचित एवढंच म्हणावं. प्यायला मॉबी, झाडाच्या सालीचं कडसर सरबत, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं.

रोटी शॉप हा मुख्यतः दुपारचा मामला, चांगल्या दुकानातला माल संपला की संपला. सकाळी आणि रात्री उशिरा लाईम सरकतो डबल्सच्या गाडीकडे, तिथे दोन मऊ "बारा" म्हणजे तळलेल्या छोट्या पुऱ्या आणि मध्ये पातळसर चणे, उभ्याने खायचे, बोटं चाटायची. डबल्सचं श्रेय १९३६ साली प्रिन्सेस टाउनमध्ये धंदा सुरू करणाऱ्या दीन कुटुंबाला देतात. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्रीच्या खाण्यासाठी सेंट जेम्स प्रसिद्ध आहे, क्वीन्स पार्क ओव्हलपासून जवळच. हे तेच मैदान जिथे १९७१ साली वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा टेस्टमध्ये हरवलं आणि गावस्करने पदार्पण केलं.

बेटावर जाणं जमत नसेल तर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली लिबर्टी अव्हेन्यू किंवा टोरोंटोचं स्कारबरो गाठावं, तिथे त्रिनिदाद-गयानाच्या लोकांची अशी दुकानं भरपूर आहेत आणि टोरोंटोत बोनलेस मटणाची रोटीही सर्रास मिळते, त्यावर जुनी त्रिनिदादी माणसं नाक मुरडतात ती गोष्ट वेगळी.