किनाऱ्यापासून किती मैल? समुद्रात कोसळलेल्या विमानांच्या भरपाई-दाव्यांची पार्श्वभूमी

विमान समुद्रात कोसळले की अमेरिकेतला जाणकार वकील आधी नकाशा मागतो. अपघाताची जागा अमेरिकेच्या किनाऱ्यापासून किती सागरी मैलांवर आहे, यावर मृताच्या घरच्यांना काय मागता येईल हे ठरते. हा हिशोब जहाजांसाठी आखला गेला आणि पुढे विमानांना चिकटला.

मुळात इंग्रजी कायद्यात मृत्यूबद्दल भरपाईच नव्हती. 1808 साली घोडागाडी उलटून बायको दगावलेल्या एका माणसाला लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितले की माणसाचा मृत्यू हे दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगे नुकसान नाही. जखमी करणाऱ्याने पैसे द्यायचे आणि जीव घेणाऱ्याने सुटायचे, असा हा उलटा न्याय. ब्रिटनने 1846 मध्ये कायदा करून तो बदलला, अमेरिकेतल्या राज्यांनीही आपापले कायदे केले. समुद्र मात्र तसाच राहिला. ‘हॅरिसबर्ग’ जहाजाच्या प्रकरणात 1886 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सागरी कायद्यात असा दावाच बसत नाही, असे ठरवले.

ही पोकळी 30 मार्च 1920 रोजी ‘डेथ ऑन द हाय सीज ॲक्ट’ने (खुल्या समुद्रावरील मृत्यूंचा कायदा) भरली. किनाऱ्यापासून एक मरीन लीग, म्हणजे 3 सागरी मैलांपलीकडे कोणाच्या चुकीने मृत्यू झाला, तर पती-पत्नी, आईवडील, मुले आणि अवलंबून असलेले नातेवाईक यांच्या वतीने मृताच्या कायदेशीर प्रतिनिधीने सागरी न्यायालयात दावा लावायचा. भरपाई फक्त आर्थिक नुकसानीची.

इथेच खरी मेख आहे. आर्थिक नुकसान म्हणजे मृत व्यक्तीने उरलेल्या नोकरीच्या वर्षांत घरी आणला असता तो पैसा, त्यातून तिचा स्वतःचा खर्च वजा, आणि ती सगळी रक्कम आजच्या मूल्यात आणलेली. घरकामाचे मोल आणि मुलांना आईबापांकडून मिळाले असते ते संगोपन यांचीही किंमत धरतात. सहवास आणि माया यांना मात्र शून्य. शाळकरी मूल गेले तर वजाबाकीला आकडाच उरत नाही: ते कमावत नव्हते, कोणाला पोसत नव्हते.

विमान या कायद्यात आले ते ‘हवाई क्लिपर’मुळे. ही उडती बोट जुलै 1938 मध्ये ग्वामहून मनिलाला जाताना 15 जणांसह नाहीशी झाली, आणि 1941 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 1920 चा कायदा विमानालाही लागू केला.

1 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअर लाइन्सचे 007 हे विमान सखालिनजवळ पाडले, 269 जण मेले. या एकाच दुर्घटनेतून दोन कडक निकाल आले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉर्सा कराराखालीही (आंतरराष्ट्रीय प्रवासातली विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा जुना करार) सहवास गमावल्याची भरपाई मिळणार नाही. 1998 मध्ये मृत्यूपूर्वीच्या यातनांचा दावाही फेटाळला गेला. विमान आदळण्याआधी प्रवाशांनी जे काही भोगले, त्याला कायद्यात जागा नव्हती.

बदल घडला तो टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या 800 क्रमांकाच्या विमानामुळे. 17 जुलै 1996 रोजी हे विमान लाँग आयलंडजवळ, किनाऱ्यापासून सुमारे 8 सागरी मैलांवर फुटून पडले. 230 मृतांत पेनसिल्व्हेनियातल्या मॉन्टुर्सव्हिल या छोट्या गावचे 16 विद्यार्थी आणि सोबतची 5 मोठी माणसे होती. जुन्या हिशोबाने त्या मुलांचे आईवडील जवळपास रिकाम्या हाती परतले असते. राष्ट्राध्यक्षांच्या 1988 च्या घोषणेने अमेरिकेचा प्रादेशिक समुद्र 12 मैलांपर्यंत वाढला होता. त्या आधारे अपिली न्यायालयाने 2000 साली 8 मैलांवरचे पाणी ‘हाय सीज’ नाही, असे ठरवले. 5 एप्रिल 2000 च्या दुरुस्तीने काँग्रेसनेही (अमेरिकेची संसद) मार्ग मोकळा केला: व्यावसायिक विमान 12 मैलांच्या आत पडले तर 1920 चा कायदा लागू नाही. 12 मैलांपलीकडे तो लागू, पण माया, आधार आणि सहवास यांची भरपाई मिळेल. दंडात्मक भरपाई नाही. ही दुरुस्ती 16 जुलै 1996 नंतरच्या मृत्यूंना लागू केली, म्हणजे नेमकी टीडब्ल्यूए अपघाताच्या दिवसापासून. तारीख कोणासाठी निवडली हे उघड आहे, आणि ते योग्यच झाले.

‘व्यावसायिक’ची व्याख्या मात्र कायद्यात नाही, त्यामुळे भाड्याच्या छोट्या विमानांबाबत वाद होतात. अंतर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून मोजतात, म्हणून परक्या देशाच्या पाण्यात पडलेले विमानही याच कायद्याखाली येऊ शकते. 1998 मध्ये कॅनडाच्या पेगीज कोव्हजवळ पडलेल्या स्विसएअर 111 बाबत तसेच झाले.

आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीवरचा दावा आता वॉर्साऐवजी माँट्रियल करारातून जातो. तो 4 नोव्हेंबर 2003 पासून अमलात आहे. 28 डिसेंबर 2024 पासून दर प्रवाशामागे 1,51,880 एसडीआरपर्यंत (एसडीआर हे नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) कंपनीला ‘आमची चूक नव्हती’ असे म्हणून सुटता येत नाही. त्यावरच्या रकमेसाठी आपला निष्काळजीपणा नव्हता, हे कंपनीनेच सिद्ध करायचे.

कुटुंबांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तपास अहवालाची वाट बघणे. करारात दाव्याची मुदत 2 वर्षे आहे आणि ती उलटली की हक्कच संपतो. विमान बनवणाऱ्या कंपनीवरच्या सागरी दाव्याला 3 वर्षे मिळतात. टीडब्ल्यूए 800 चा अंतिम अहवाल यायला चार वर्षे लागली होती! शिवाय अमेरिकेच्या तपास मंडळाचा तो अहवाल भरपाईच्या खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. अवशेष आणि नोंदी यांवरून आपले तज्ज्ञ आपणच उभे करावे लागतात.

जुना कायदा अजून आडवा येतो. ऑक्टोबर 2018 मध्ये जावा समुद्रात पडलेल्या लायन एअर 610 च्या दोन मृतांच्या प्रतिनिधींनी बोइंगविरुद्धच्या खटल्यात ज्यूरी (सामान्य नागरिकांचे पंचमंडळ) मागितली. 2024 मध्ये शिकागोच्या अपिली न्यायालयाने नकार दिला: 1920 चा कायदा दावा सागरी न्यायाधिकारातच चालवायला सांगतो, आणि तिथे निकाल एकटा न्यायाधीश देतो.