मराठवाड्यातील क्रीडाप्रक्षेपण

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत खेळांचे दृश्य प्रक्षेपण कसे पोचले, ते कोणत्या भाषेत पोचले आणि पुढे इथले खेळ व खेळाडू स्वतः पडद्यावर कसे आले, याचा विचार या नोंदीत केला आहे. हा इतिहास एखाद्या क्रीडावाहिनीच्या स्थापनेपासून सुरू होत नाही. मराठवाडा दीर्घकाळ फक्त पाहणारा राहिला आणि दाखवणारा फार उशिरा झाला.

दाखवण्याजोगे मात्र इथे आधीपासूनच पुष्कळ होते. महाराष्ट्र केसरीची पहिली कुस्ती 1961 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत झाली, आणि 1969 मध्ये लातूरला भरलेल्या कुस्ती अधिवेशनात लातूर जिल्ह्याचेच हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी ठरले. या कुस्त्या ज्यांनी फडाच्या कडेला बसून पाहिल्या त्यांनीच पाहिल्या. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र आणि आकाशवाणी यांवर भागवावे लागले. खेळाचे वर्णन मराठीत ऐकण्याची सवय आकाशवाणीने लावली. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांमुळे षटक, यष्टिरक्षक, त्रिफळाचीत, पायचीत हे शब्द खेड्यातल्या पोरांच्या तोंडी बसले. पुढे दूरचित्रवाणीने चित्र आणले, पण ही भाषा मात्र सोबत आणली नाही, आणि या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तरी त्याच्या लहरी मराठवाड्यापर्यंत येत नव्हत्या. दिल्लीत 1982 मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे वेगाने पसरले. मराठवाड्यात म्हैसमाळचा आणि अंबाजोगाईचा मनोरा ही या जाळ्याची ठळक ठिकाणे होती. मनोऱ्यापासून लांबच्या गावात सामना पाहणे हे तिघांचे काम असे: एक जण माळवदावर अँटेना धरून, दुसरा दारात आणि तिसरा संचासमोर. ‘आलं का?’ असे वरून विचारले जाई आणि ‘मुंग्या आहेत, अजून थोडं फिरव’ असा निरोप दारातून वर जाई. 1987 चा क्रिकेट विश्वचषक असंख्य घरांनी असाच पाहिला. समालोचन हिंदी आणि इंग्रजीत असल्यामुळे चित्र दूरदर्शनचे पाहायचे आणि भोवती बसलेल्या जाणत्यांनी त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, अशी रीत पडली.

1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. प्राइम स्पोर्ट्स आणि 1996 पासून ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स यांमुळे दिवसभर फक्त खेळ दाखवणारी वाहिनी ही कल्पना तालुक्याच्या गावापर्यंत आली. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्याच वादात दिला आणि दूरदर्शनची मक्तेदारी संपली. मराठवाड्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा ठरला तो केबलवाला. गच्चीवर मोठी डिश आणि खोलीत यंत्रांची मांडणी असलेल्या या माणसाकडे एखादी वाहिनी स्वतःची असे, आणि तिच्यावर त्याने गावच्या जत्रेतल्या कुस्त्या, कबड्डीचे सामने आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा दाखवल्या. या भागातले खेळ इथल्याच पडद्यावर, इथल्याच बोलीत प्रथम आले ते याच वाटेने.

अशा चित्रणात साधने तोकडी असत. लग्नाचे चित्रीकरण करणाराच कॅमेरा घेऊन ट्रॉलीवर उभा राही, आणि फडातला पैलवान पाठ फिरवून उभा राहिला की पुढचा डाव दिसतच नसे. ती कसर निवेदक भरून काढी. हलगीच्या कडकडाटात तो पैलवानाचे गाव, तालीम आणि वस्तादाचे नाव सांगे, मागच्या जत्रेत त्याने कोणाला घिस्सा मारून चीत केले याची आठवण देई आणि मध्येच कोणी वाढवलेल्या इनामाचा आकडा पुकारी. मातीवरची कुस्ती निकाली होईपर्यंत चालते. तिला घड्याळाची चौकट नसते. मोठ्या वाहिन्यांना ठरलेल्या वेळेत संपणारा खेळ हवा असतो, म्हणून त्यांनी तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची मॅटवरची कुस्ती स्वीकारली. स्थानिक केबलने मातीतली कुस्ती आहे तशी दाखवली, आणि त्यासाठी तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

पुढे औरंगाबाद शहरात केबलच्या डिजिटलीकरणाची मुदत 31 मार्च 2013 ही ठरली. लहान गावांची पाळी त्यानंतर आली. ज्यांना मासिक भाडे परवडत नव्हते त्यांच्यासाठी 2004 मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची विनाशुल्क डिश होती. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला द्यावे असा कायदा 2007 मध्ये झाला. मात्र असे प्रक्षेपण खासगी केबल आणि डीटीएचवर पुढे दाखवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवले. त्यामुळे फुकटच्या डिशवर दिसणारा सामना पैसे भरणाऱ्या केबलच्या घरात दूरदर्शनवर दिसेनासा झाला.

प्रादेशिक भाषेतील क्रीडावाहिन्यांचा टप्पा 2017 मध्ये स्टार स्पोर्ट्सच्या तमिळ वाहिनीने सुरू झाला. 2018 च्या अखेरीस तेलुगू आणि कन्नड वाहिन्या आल्या. देगलूर, बिलोली, उदगीर, उमरगा या सीमेवरच्या तालुक्यांत या दोन्ही भाषा कानावरच्या आहेत. शेजारच्या भाषांना पूर्णवेळ क्रीडावाहिनी मिळत असताना मराठीतला खेळ मनोरंजन वाहिन्यांच्या आश्रयाने पुढे आला: झी टॉकीजच्या 2018 मधील कुस्ती दंगलीत ‘वीर मराठवाडा’ नावाचा संघ उतरला होता. 2023 च्या आयपीएलचे मराठी समालोचन जिओसिनेमावर बारा भाषांपैकी एक म्हणून मोबाइलवर आले. मराठीला हे फार उशिरा मिळाले, असे म्हणणे भाग आहे.

दरम्यान, पडद्यावरची माणसे इथली होऊ लागली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण जिंकले. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत संपवून रौप्य मिळवले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. बीडच्याच सचिन धस यांनी 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा केल्या.

खो-खोचे उदाहरण अधिक बोलके आहे. धाराशिव हे या खेळाचे माहेरघर मानावे इतकी खेळाडूंची परंपरा तिथे आहे, आणि तिथल्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तरीही 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो स्पर्धा सुरू होईपर्यंत या खेळाला पडद्यावर फारसे स्थान नव्हते. पडद्यासाठी खेळाला ‘वजीर’ हा कोणत्याही दिशेने धावू शकणारा आक्रमक मिळाला आणि माती जाऊन मॅट आली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने नेपाळला 78–40 असे हरवले.

केबलवाल्याची जागा आता यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणाने घेतली आहे. जत्रेच्या फडाशेजारी तिपाईवर दोन-तीन मोबाइल लावलेले असतात, कोपऱ्यात गुणफलक किंवा जोडीची नावे उमटतात, आणि पुण्याला नोकरीस किंवा ऊसतोडीला गेलेली गावची माणसे तिथून कुस्ती पाहतात. निवेदक मात्र जुनाच असतो. कॅमेऱ्याकडे न पाहता तो फडाकडे तोंड करून बोलतो.