फिट्ससाठीचं व्हेगस यंत्र आणि लकव्यासाठीचं व्हेगस यंत्र

नसांना करंट देणाऱ्या यंत्रांवर मी काम करते, म्हणून चुलत बहिणीने परवा फोन केला. काकांना लकवा होऊन दोन वर्षं झालीत. "ताई, ओळखीच्या एका मुलाला फिट्ससाठी छातीत मशीन बसवलंय. तेच बाबांना बसवलं तर हात चालेल का?"

तिचा प्रश्न रास्त आहे. दोन्हींत कॉलरबोनखाली कातडीच्या आत छोटं यंत्र असतं आणि तिथून निघालेली वायर मानेतल्या डाव्या व्हेगस नसेभोवती (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस) गुंडाळलेली असते. फरक आहे तो करंट कधी सोडायचा याचा.

फिट्सच्या यंत्राला अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली. ते रात्रंदिवस ठरल्या चालीने चालतं: साधारण ३० सेकंद करंट, पाच मिनिटं विश्रांती. माणूस झोपलेला असो की जेवत असो.

लकव्यात मेंदूला हालचाल नव्याने शिकायची असते. पेशंट पेला उचलायला हात पुढे करतो आणि नेमक्या त्या क्षणी फिजिओथेरपिस्ट बटण दाबतो. करंट जातो फक्त अर्धा सेकंद. त्याने हात हलत नाही. हात पेशंटनेच हलवायचा, एका सत्रात तीनशेहून जास्त वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं ते असं, की व्हेगसला करंट दिला की मेंदूत नॉरॲड्रेनलिनसारखी रसायनं सुटतात आणि त्याच वेळी केलेली हालचाल मेंदूत पक्की व्हायला मदत होते. करंट उशिरा दिला तर हा फायदा घटतो.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याची चाचणी छापून आली. लकव्याला नऊ महिने ते दहा वर्षं झालेले १०८ जण. यंत्र सगळ्यांना बसवलं, सहा आठवडे व्यायामही सगळ्यांकडून सारखाच करून घेतला. पण व्यायामाबरोबरचा खरा करंट साधारण निम्म्यांनाच दिला. तीन महिन्यांनंतर करंटवाल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या हातात ठळक सुधारणा होती, बाकीच्यांत २४ टक्के. मला हा २४चा आकडा फार मोलाचा वाटतो. इतक्या उशिरा, निव्वळ व्यायामाने, चारातला जवळजवळ एक जण सुधारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली.

म्हणून बहिणीला मी उलट विचारलं: काकांचा लकवा मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीमुळे झाला की रक्तस्रावामुळे? (चाचणीत गुठळीवालेच पेशंट होते.) बोटं थोडी तरी हलतात का? आणि व्यायाम चालू आहे ना?

गुठळीच होती. बोटं थोडी वळतात. व्यायाम मात्र सहा महिन्यांनीच थांबला होता. सोमवारपासून फिजिओथेरपिस्ट पुन्हा घरी येणार आहेत.