अब्राहाम ऊरहून एकटा निघालाच नव्हता

संडे स्कूलपासून व्हॉट्सॲपपर्यंत एक गोष्ट फिरत असते: ऊर शहरात बायबलमधल्या अब्राहामाला, ज्यूंच्या मूळपुरुषाला, देवाची हाक आली आणि तो आईबाप, घरदार सोडून एकटाच थेट कनान देशाला (आजचा इस्राएल-पॅलेस्टाईनचा परिसर) निघाला. ऐकायला छान आहे, पण बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात ती अशी नाही.

११व्या अध्यायाचं ३१वं वचन काढून बघा. ऊरहून कुटुंब हलवणारा आहे बाप, तेरह. मुलगा अब्राम (अब्राहाम हे नाव पुढे मिळालं), सून साराय आणि नातू लोट यांना घेऊन तो कनानलाच निघाला होता. वाटेत हारान गावी मुक्काम पडला आणि म्हातारा तिथेच राहिला. ‘आपला देश, बापाचं घर सोड’ ही आज्ञा येते पुढच्या अध्यायात. तेव्हा अब्राम ७५ वर्षांचा, आणि निघतो तो हारानहून. बायको, पुतण्या, मालमत्ता, नोकरचाकर असा सगळा लवाजमा घेऊन.

मग ऊरची हाक कुठून आली? बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय ७. हारानला राहायला जाण्याआधीच दर्शन झालं, असं तिथे स्तेफन हा सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतला माणूस सांगतो. म्हणजे हाक अगदीच हवेतली नाही. ‘एकटा’ आणि ‘थेट’ मात्र पदरचं.

बहुतेक अभ्यासक ऊर दक्षिण इराकमध्ये, नासिरियाजवळ मानतात, हारान तुर्कस्तानात. सरळ वाटेत सीरियाचं वाळवंट. गुरंढोरं घेऊन त्यात कोण शिरेल? आणि कनानला पोचल्यावरही स्थैर्य कुठलं: शखेम, बेथेल, मग दुष्काळ पडला म्हणून मिसर, म्हणजे इजिप्त.