सोबोकु

सोबोकु हा जपानी शब्द आहे, अर्थ साधं, अकृत्रिम आणि त्या साधेपणामुळेच मनात भरणारं. तो माणसाला लागतो, भांड्याला, खेळण्याला, चवीलाही लागतो. नामाआधी आला की पुढे ‘ना’ जोडतात, जसं ‘सोबोकु ना आजी’ म्हणजे साधी, घरगुती चव (जपानीत आजी म्हणजे चव, आपल्या कानाला किती गोड लागतं हे!).

शब्दात दोन चिनी अक्षरं आहेत, ‘सो’ म्हणजे मुळात न रंगवलेलं पांढरं रेशीम आणि ‘बोकु’ म्हणजे न घडवलेलं लाकूड. ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथाच्या 19व्या अध्यायात ही दोन्ही एकत्र येतात, इतकी जुनी जोडी आहे.

बरेच जण सोबोकुला वाबी-साबीत, म्हणजे अपूर्ण आणि जुन्या झालेल्या गोष्टींत सौंदर्य बघणाऱ्या जपानी दृष्टीत ढकलतात, ते मला पटत नाही. साधेपणाचे जवळचे जपानी शब्दही वेगळेच आहेत. शिस्सो म्हणजे काटकसरीचं राहणं, कान्सो म्हणजे नको ते काढून टाकून आणलेला सुटसुटीतपणा, आणि सोबोकुमध्ये मुळात काही चढवलेलंच नसतं, त्यामुळे काढायचा प्रश्न येत नाही.

उदाहरण बघायचं तर कोकेशी बाहुली बघा. उत्तर जपानच्या तोहोकु भागात लाकूड कातणारे कारागीर ती लेथवर करतात, गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणारे लोक घरी घेऊन जायचे. हात नाहीत, पाय नाहीत, गोल डोकं, सरळ धड, डोळे-नाक म्हणजे ब्रशचे चारदोन फटकारे, अंगावर शेवंतीची फुलं. मियागीतल्या नारुको गावच्या कोकेशीचं डोकं फिरवलं की लाकडावर लाकूड घासून बारीक किऽऽ आवाज येतो, आणि खरं सांगते, तिचा सगळा जीव त्या आवाजात आहे.

अशाच रोजच्या वापरातल्या, अनाम कारागिरांच्या वस्तूंसाठी यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि कावाई कांजिरो यांनी 1925 मध्ये ‘मिंगेइ’ हा शब्द काढला, आणि 1936 मध्ये तोक्योच्या कोमाबात त्यांचं म्युझियमही उभं राहिलं.

चित्रकलेतल्या नाईव्ह शैलीला, म्हणजे रीतसर शिक्षण न घेतलेल्या चित्रकारांच्या भाबड्या शैलीला, जपानीत ‘सोबोकु-हा’ म्हणतात, पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करून चित्रं काढणारा आंरी रूसो त्यातलाच.

रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त कानावर पडतं ते ‘सोबोकु ना गिमोन’, म्हणजे साधा, भाबडा प्रश्न. आकाश निळं का, असं पोरांनी विचारलेलं, ज्याच्यापुढे मोठ्यांची भंबेरी उडते.