भावना आणि निर्णय : भौतिकशास्त्रीय विवेचन

भावनेमुळे निर्णय कसा बदलतो, हे पाण्यात थरथरणाऱ्या कणाच्या गणिताने मांडण्याची पद्धत. ही थरथर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये पाहिली आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये तिचे गणित मांडले. पुढे १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी तशाच गणिताने झटपट निर्णयांचा उलगडा केला. दोन काठ म्हणजे दोन पर्याय, मधे वाहणारा कण. समोर दिसणारा पुरावा त्याला एका काठाकडे ओढतो, गोंधळ त्याला हेलकावे देतो. ज्या काठाला कण आधी लागेल, तो निर्णय.

इंदूरच्या पलासिया चौराह्यावर पिवळा दिवा लागला, की हे उघड्यावर दिसते. ताशी ३० किमी वेगाची स्कूटर सेकंदाला ८.३ मीटर जाते. पिवळा दिवा ३ सेकंदांचा धरला, तर २५ मीटरच्या आतला चालक लाल होण्याआधी रेषा ओलांडतो. थांबायचे तर हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या १ सेकंदात ८ मीटर आणि साधारण दाबलेल्या ब्रेकने १२ मीटर, असे २० मीटर लागतात. म्हणजे २० ते २५ मीटरच्या पट्ट्यात दोन्ही जमते. ताशी ५० किमीला मात्र थांबायला ४६ मीटर हवेत आणि ३ सेकंदांत गाडी जाते जेमतेम ४२ मीटर. मधल्या ४ मीटरांत ना धड थांबता येते, ना निघता. हा पेच गाझिस, हर्मन व माराडुडिन यांनी १९६० मध्ये दाखवला. यांतले रॉबर्ट हर्मन म्हणजे १९४८ मध्ये राल्फ आल्फर यांच्यासह विश्वाच्या पार्श्वप्रारणाचे, म्हणजे महास्फोटानंतर सगळीकडे उरलेल्या प्रारणाचे, भाकीत करणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्या ४ मीटरांत अडकलेल्याला बेदरकार म्हणणे अन्यायाचे आहे. भावनेचा हात असतो तो दोन्ही जमणाऱ्या पहिल्या पट्ट्यात.

घाई काठ जवळ आणते. कण मधोमध सुटला, ओढ १ आणि गोंधळ १ धरला, आणि काठांतले अंतर २ असले, तर निर्णयाला सरासरी ०.७६ सेकंद लागतो व १२ टक्के निर्णय चुकतात. अंतर १ केले की वेळ ०.२३ सेकंदावर येतो आणि चुका २७ टक्क्यांवर जातात. ‘अति घाई संकटात नेई’ ही मराठी पाटी किंवा इंदूरकरांच्या ओळखीची ‘दुर्घटना से देर भली’, दोन्हींचा अर्थ या आकड्यांत आहे. भीतीचे काम निराळे. नुकताच अपघात पाहिलेल्याचा कण आधीच ब्रेकच्या काठाशी असतो. तो झटकन थांबतो, निघून जाणे सोयीचे असतानाही, आणि मागची गाडी अंगावर येते. थकवा ओढ कमी करतो: उशीरही होतो आणि चुकाही वाढतात.

चुकांचे हे टक्के ज्या सूत्रातून येतात, ते दोन ऊर्जापातळ्यांपैकी वरच्या पातळीवर कण सापडण्याच्या, भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्या सूत्रासारखेच आहे. गोंधळाच्या वर्गाच्या जागी तिथे तापमान येते. ‘डोकं तापलं’ हा वाक्प्रचार म्हणूनच या गणिताला फार जवळचा वाटतो. पण जपून. काठ, ओढ आणि गोंधळ एकाच पटीत वाढवले तर निकाल तोच राहतो, म्हणून गोंधळाचे माप आधीच ०.१ किंवा १ ठरवून टाकतात. तेव्हा राग आल्याने गोंधळ वाढला, की ओढ आणि काठांतले अंतर दोन्ही आटले, हे निर्णय आणि वेळ यांच्या नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही.

मोजताना सर्वांत जास्त फसगत सरासरीने होते. कण एका काठाशी सुटला काय किंवा ओढच त्या बाजूची असली काय, तोच पर्याय जास्त वेळा निवडला जातो. फरक कळतो तो प्रत्येक निर्णयाचा वेळ वेगळा लिहिल्यावर: सुरुवातीचा कल झटपट उत्तरांत दिसतो आणि सावकाश उत्तरांत विरतो, ओढीचा कल तिथेही टिकतो. त्यासाठी एकाच माणसाच्या शेकडो नोंदी लागतात. पाहणे आणि हात हलवणे यांचा वेळ वजा करावा लागतो. सुमारे ०.२ सेकंदाच्या आतली उत्तरे गाळावीत. ती न पाहताच दिलेली असतात.

ही पद्धत एक-दोन सेकंदांच्या निर्णयांना चांगली लागू पडते. सराफ्यात पाटल्या हातात घालून बघणारी बाई ‘घरी विचारून सांगते’ म्हणत उठते, तेव्हा हे साधे गणित थांबते. घरी गेल्यावर पुरावाच नवा येतो, आणि काठही तिचे एकटीचे राहत नाहीत.